कागदाच्या गावात पुस्तक वाचून कोणी दाखवायचे?

बल्लारपूरचे नाव घेतले की महाराष्ट्राला कागद आठवतो. १९४५ साली येथे कागद गिरणीची पायाभरणी झाली आणि गोंड राजांची ही जुनी राजधानी, कोळसा खाणी आणि रेल्वे जंक्शन यांच्या जोडीने, कागदाचे गाव म्हणून देशाला ठाऊक झाली. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला बांबू आणि लाकूड एका दाराने आत जायचे आणि छपाईचा कागद दुसऱ्या दाराने बाहेर पडायचा. या गिरणीने मालकी, व्यवस्थापन आणि कर्जाचे अनेक चढउतार पाहिले. गावाने मात्र तिचा वास आणि भोंगा अंगवळणी पाडून घेतला. कित्येक पिढ्यांची पाठ्यपुस्तके, वह्या आणि कार्यालयीन फायली या कागदावर उभ्या राहिल्या. अशा गावातील दोन-तीन वर्षांच्या मुलाला कोणी मांडीवर घेऊन चित्रांचे पुस्तक वाचून दाखवते का, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटेल. तो तसा नाही. गेल्या वर्षी महाराष्ट्राने ज्या प्रश्नावर रान उठवले, त्याची मुळे याच मांडीपाशी आहेत.

२०२५ च्या एप्रिल महिन्यात राज्य शासनाने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची करणारा निर्णय काढला. त्यावरून वादळ उठले. १७ जूनला शब्दरचना बदलून सुधारित निर्णय आला, त्याने कोणाचेच समाधान झाले नाही, आणि २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द करून डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याची घोषणा करावी लागली. त्या अडीच महिन्यांत लहान मुलांच्या मेंदूवर भाषांचे ओझे किती असावे, यावर सभांमधून, वाहिन्यांवरून आणि अग्रलेखांतून जितके बोलले गेले तितके त्याआधीच्या दहा वर्षांत बोलले गेले नसेल. त्यातील बराचसा विरोध रास्तच होता. परंतु ही सगळी चर्चा मूल सहा वर्षांचे झाल्यानंतरची होती. शाळेच्या दारात येईपर्यंत त्या मुलाच्या कानावर कोणती भाषा, किती आणि कशी पडली, याची विचारपूस कोणी केली नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच असे नमूद आहे की, मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ वयाच्या सहा वर्षांपूर्वी होते. म्हणजे ज्या वयावरून आपण भांडलो, त्या वयापर्यंत बरेचसे होऊन गेलेले असते.

सहा वर्षांआधीच्या काळात भाषा घडवण्याचे जे मोजके उपाय जगभर तपासून पाहिले गेले आहेत, त्यांत लहान मुलाला चित्रपुस्तक वाचून दाखवणे हा सर्वांत साधा आणि स्वस्त उपाय आहे. यात नेमके काय घडते, हे थोडे तपशिलात पाहायला हवे. कारण 'वाचन' हा शब्द येथे दिशाभूल करतो. मुलाला लवकर अक्षरे यावीत म्हणून हा खटाटोप नसतो. पुस्तकात एक म्हैस तळ्यात डुंबते आहे. मूल बोट ठेवते. आई विचारते, "हे काय?" मूल काहीतरी आवाज काढते. आई तो आवाज शब्द म्हणून स्वीकारते आणि त्यात भर घालते : "हो, म्हैस. पाण्यात बसली. थंड वाटतेय तिला." मग पान उलटते. जेरोम ब्रूनर आणि अनात निनिओ या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली एका आई-मुलाच्या अशा संवादांचा बारकाईने अभ्यास केला होता. लक्ष वेधणे, विचारणे, नाव सांगणे आणि मुलाच्या प्रतिसादाला दाद देणे अशी ठरावीक चाल त्यात पुन्हापुन्हा येते आणि त्याच चालीवर मूल बोलायला शिकते, असे त्यांना आढळले. रोजच्या धबडग्यात आई मुलाशी बोलते ते बहुतेक आज्ञार्थी असते : ये, जा, जेव, थांब, हात लावू नकोस. पुस्तक उघडले की आज्ञा थांबते आणि गप्पा सुरू होतात.

दुसरी गोष्ट शब्दांची. अमेरिकेत डोनाल्ड हेज आणि मार्गारेट आरेन्स यांनी १९८८ साली एक मोजणी प्रसिद्ध केली. मुलांच्या पुस्तकांत दर हजार शब्दांमागे कमी वापरातले शब्द सुमारे ३१ भरले. महाविद्यालयीन शिक्षण झालेल्या प्रौढांच्या आपसातील बोलण्यात ते जेमतेम १७ होते. ही मोजणी इंग्रजीची आहे, मराठीला ती जशीच्या तशी लावता येणार नाही. तरी तिचा रोख समजण्यासारखा आहे. घरात कोणी 'कपार', 'घरटे', 'दचकला', 'हळूच डोकावला' असे शब्द रोज उच्चारत नाही. गोष्टीत ते सहज येतात. त्याच वर्षी ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, पालकांनी नुसते वाचत न जाता प्रश्न विचारत, मुलाला बोलते करत वाचले तर अवघ्या काही आठवड्यांत मुलांच्या बोलण्यात मोजता येण्याइतका फरक पडतो. नुसत्या वाचनापेक्षा मधल्या गप्पांचे मोल जास्त, हा या संशोधनाचा गाभा.

गंमत अशी की, हे सगळे आपल्या भाषेने आधीच सांगून ठेवले आहे. मराठीत आपण दुसऱ्यासाठी नुसते वाचत नाही, 'वाचून दाखवतो'. ऐकवण्याच्या क्रियेला 'दाखवणे' हे क्रियापद जोडणारी ही रचना चित्रपुस्तकाला जितकी शोभते तितकी दुसऱ्या कशालाही शोभत नसेल.

यावर हमखास एक आक्षेप येतो. आमच्याकडे आजीच्या गोष्टी होत्या, पुस्तकांची थेरे कशाला? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ऐकण्याची परंपरा आपल्याकडे समृद्धच आहे. श्रावणात पोथी लावली जाते, एक जण वाचतो, दहा जण ऐकतात आणि मधूनमधून अर्थ सांगितला जातो. मोठ्यांनी मोठ्यांना वाचून दाखवण्याची अशी सवय असलेला समाज जगात फार नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत तर रात्र रात्र चालणारी नाटके आजही तंबूत गर्दी खेचतात. प्रश्न परंपरेचा नसून तिच्या वाहकांचा आहे. बल्लारपूरसारख्या शहरात गिरणीत, खाणीत किंवा रेल्वेत पाळीने काम करणारा बाप, मजुरीला किंवा धुण्याभांड्याला जाणारी आई आणि दोन खोल्यांचे बिऱ्हाड ही नेहमीची मांडणी असते. आजी गावाकडे राहिली. तिच्या गोष्टी तिच्याबरोबर राहिल्या. तिची जागा आज मोबाइलने घेतली आहे आणि मोबाइल मुलाच्या बोटाला उत्तर देत असला तरी त्याच्या बोबड्या शब्दाला देत नाही. आजीची गोष्ट आणि पुस्तकातील गोष्ट यांत भांडण लावण्याचे कारण नाही; आजी नसेल तेथे निदान पुस्तक असावे, एवढेच म्हणणे आहे.

आता खऱ्या अडचणीकडे. बल्लारपूर मराठी भाषक राज्यात आहे, पण त्याच्या गल्ल्यांमध्ये एकट्या मराठीचे राज्य नाही. दक्षिणेकडे तेलंगणाची सीमा जवळ, त्यामुळे तेलुगू घरे पुष्कळ. खाणी आणि रेल्वेमुळे उत्तरेकडून आलेली हिंदी भाषक कुटुंबे आहेत, छत्तीसगढी बोलणारी आहेत, गोंडी घरे आहेत. मराठी बोलणाऱ्यांतही पुस्तकी प्रमाणभाषा थोड्यांच्या घरी. बाकीच्यांची मराठी वऱ्हाडी किंवा झाडीबोलीच्या अंगाने जाणारी. अशा घरातील मूल अंगणवाडीत येते तेव्हा भिंतीवरचा 'अ अननसाचा' त्याला दोनदा परका असतो : अक्षर परके आणि बोलही परका. शिवाय अनेक घरांत आईला किंवा वडिलांना वाचता येत नाही, किंवा येते पण सवय मोडलेली असते. "पालकांनी मुलांना रोज वाचून दाखवावे" हा पुण्या-मुंबईच्या पुरवण्यांतील सल्ला अशा घराला जवळजवळ अपमानासारखा वाटतो. वाचता न येणाऱ्याने वाचून काय दाखवायचे?

चित्रपुस्तकाचे महत्त्व येथेच कळते आणि आपल्या चर्चेत नेमके तेच निसटते. चित्रपुस्तक साक्षरतेची अट घालत नाही. म्हैस तळ्यात डुंबते आहे हे सांगायला अक्षरओळख लागत नाही. ते तेलुगूत सांगता येते, गोंडीत सांगता येते, आणि "म्हैस पान्यात बसून रायली" असेही सांगता येते. चित्र सगळ्यांचे, शब्द ज्याचे त्याचे. वर उल्लेखलेल्या संशोधनात मुलाला जे मिळते ते प्रौढाच्या लक्षातून आणि बोलण्यातून मिळते, छापील ओळीतून नव्हे. पाठ्यपुस्तकाला एक भाषा निवडावी लागते, म्हणून त्यावरून आंदोलने होतात. शब्दविरहित किंवा अल्पशब्दी चित्रपुस्तकाला ही निवड करावीच लागत नाही. बहुभाषक सीमावर्ती शहरासाठी याहून सोयीचे साधन सापडणे कठीण आहे, आणि तरीही अशा शहरांच्या बाजारात मुलांसाठी मिळते ती अंकलिपी, पाढ्यांचा तक्ता, रंग भरायचे पुस्तक आणि इंग्रजी अक्षरांचा चकचकीत पुठ्ठा. मराठीत चांगली चित्रपुस्तके नाहीत असे मुळीच नाही. माधुरी पुरंदरे यांनी एकटीने या क्षेत्रात जे उभे केले त्याची दखल साहित्य अकादमीच्या बालसाहित्य पुरस्काराने २०१४ साली घेतली. ज्योत्स्ना प्रकाशन, नॅशनल बुक ट्रस्ट, प्रथम बुक्स, तूलिका यांची मराठी पुस्तके आहेत. ती पुण्यात मिळतात, मुंबईत मिळतात, ऑनलाइन मागवता येतात. म्हणजे ज्यांच्या घरी बोलायला माणसे आणि वाचायला वेळ आधीच आहे, त्यांच्यापर्यंत ती पोहोचतात.

बल्लारपूरहून पूर्वेला गडचिरोलीच्या जंगलात शिरले की हाच प्रश्न आणखी उघडा पडतो. भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला आणि तीन वर्षांनी शाळा. माडिया मुलांपुढे मराठी पाठ्यपुस्तक ठेवले की काय होते, याचा अनुभव त्या परिसरातील प्रत्येक शिक्षकाने घेतला आहे. धानोरा तालुक्यातील मोहगाव येथे तर ग्रामसभेने २०१९ साली स्वतःच गोंडी माध्यमाची शाळा काढली. शासनाची मान्यता नसल्याने पुढे शिक्षण विभागाने ती अनधिकृत ठरवली आणि वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत पोहोचला. शाळा कायदेशीर की बेकायदा हा मुद्दा न्यायालयाचा. पण आपल्या मुलांनी आपल्या भाषेत शिकावे म्हणून एक गाव पदरमोड करते, ही बातमी मराठीला अभिजात दर्जा मिळाल्याच्या आनंदोत्सवात कुठल्या कुठे हरवली. मातृभाषेचा आग्रह आपण केंद्राकडे धरतो. गोंडी मुलासाठी तोच आग्रह धरला गेला की आपल्याला नियम आठवतात. दरम्यान, प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर' या मुक्त संकेतस्थळावर छत्तीसगढमधील गोंडी भाषकांच्या मदतीने मुलांच्या गोष्टींची गोंडी भाषांतरे मोठ्या संख्येने आली आहेत. ती कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतात. फक्त ती छापून मुलाच्या हातात द्यायला कागद आणि माणूस लागतो.

हा माणूस कोण, असा प्रश्न आला की उत्तर अंगणवाडी सेविकेपाशी येऊन थांबते. अंगणवाडी हा शब्द आणि ती कल्पना महाराष्ट्रानेच देशाला दिली. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, वस्तीतील मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांनी ते काम वाढवले. गाणी, गोष्टी, चित्रे, पाने, खडे हेच तिथले शिक्षण होते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना आली तेव्हा सरकारने नाव घेतले ते या अंगणवाडीचे. गाभा मात्र पोषणाचा झाला. कुपोषणाच्या प्रदेशात ते स्वाभाविकही होते. आज राज्यात एक लाख दहा हजारांच्या आसपास अंगणवाड्या आहेत. सेविकेने वजन घ्यायचे, उंची मोजायची, आहार वाटायचा, लसीकरणाला बोलवायचे, आणि हे सगळे 'पोषण ट्रॅकर'मध्ये भरायचे. २०२३ साली 'पोषण भी, पढाई भी' ही मोहीम आली, २०२४ साली तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी 'आधारशिला' आणि तीन वर्षांखालील मुलांसाठी 'नवचेतना' हे आराखडे आले. कागदावर हे आराखडे चांगले आहेत. परंतु डिसेंबर २०२३ पासून जवळजवळ दोन महिने या सेविका मानधनवाढीसाठी संपावर होत्या, हे विसरून त्यांच्या डोक्यावर आणखी एक काम टाकणे म्हणजे आराखड्याला आराखडाच राहू देणे.

कायद्याची स्थिती तर आणखी विचित्र आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात गोष्टींची पुस्तके असावीत, असे स्पष्ट लिहिले आहे. हा हक्क सहाव्या वर्षी सुरू होतो. त्याआधीच्या मुलाबाबत शासनाने व्यवस्था 'करावी', असे कायदा म्हणत नाही. 'करू शकते' एवढेच म्हणतो.

आणि करव्यवस्था? २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराची नवी दररचना लागू झाली. वह्यांवरचा कर शून्यावर आला, वह्यांसाठी लागणारा कागदही करमुक्त झाला. त्याचे स्वागत झाले. पण पुस्तकांच्या छपाईच्या कागदावरील कर १२ वरून १८ टक्क्यांवर गेला. पुस्तक स्वतः करमुक्त असल्यामुळे प्रकाशकाला कागदावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. तो बोजा किमतीत जातो. याचा फटका चित्रपुस्तकाला सर्वाधिक बसतो. कादंबरी पातळ कागदावर, एका रंगात निघते. चित्रपुस्तकाला जाड, पांढरा, पलीकडचे न दिसणारा कागद आणि चार रंगांची छपाई लागते. त्याच्या किमतीत कागदाचा वाटा मोठा. म्हणजे लिहिणाऱ्या मुलाला सूट आणि ऐकणाऱ्या मुलाला भुर्दंड असा हा हिशेब झाला. अर्थखात्यात कोणी मुद्दाम ठरवून तो मांडला असेल असे नाही; ऐकणारे मूल त्यांच्या नजरेसमोर नव्हते, इतकेच. कागदाच्या गावातून निवडून जाणाऱ्या लोकप्रतिनिधींनी हा प्रश्न लावून धरायला हरकत नव्हती.

मग करता येण्यासारखे काय आहे? महाराष्ट्रातच काही ठिकाणी याची उत्तरे शोधली गेली आहेत. फलटणला मॅक्सिन बर्नसन यांच्या प्रगत शिक्षण संस्थेने, आणि पुढे कमला निंबकर बालभवनातून, वाचन म्हणजे अक्षरांची घोकंपट्टी नव्हे हे प्रत्यक्ष करून दाखवले. पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्यात नीलेश निमकर यांच्या 'क्वेस्ट' या संस्थेने अंगणवाड्यांबरोबर काम केले. 'गोष्टरंग' या उपक्रमात तर नट आदिवासी भागातील शाळांतून पुस्तकातल्या गोष्टी सादर करतात आणि मग तीच पुस्तके मुलांच्या हाती देतात. याच वाड्यात आणि कर्नाटकातील यादगीर येथे प्राथमिक शाळेतील मुलांच्या वाचनाचा काही वर्षे मागोवा घेणारा एक मोठा अभ्यास २०१७ साली पूर्ण झाला. वर्गातला बहुतेक वेळ अक्षरे गिरवण्यात जातो, अर्थाला आणि मुलाच्या घरच्या अनुभवाला वर्गात जागाच मिळत नाही, हे त्यातून पुढे आले. 'असर'च्या २०२४ च्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागातील सरकारी शाळांत तिसरीची २३.४ टक्के मुलेच दुसरीचा मजकूर वाचू शकत होती. २०२२ मध्ये हे प्रमाण १६.३ होते, म्हणजे सुधारणा आहे. तरी चारांतील तीन मुले मागेच आहेत. 'असर' फक्त ग्रामीण भागाची पाहणी करते, त्यामुळे बल्लारपूरसारख्या नगरपालिका क्षेत्रातील मुले या मोजणीतही येत नाहीत.

परदेशात यावर एक वेगळी वाट निघाली. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम येथे १९९२ साली सुमारे ३०० बाळांच्या घरी आरोग्यसेवेमार्फत पुस्तके देऊन 'बुकस्टार्ट' सुरू झाले. त्याआधी १९८९ साली बोस्टनच्या एका सार्वजनिक रुग्णालयात डॉक्टर बाळाच्या तपासणीच्या वेळी औषधाच्या चिठ्ठीबरोबर पुस्तक देऊ लागले. पुढे २०१४ साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने जन्मापासून वाचून दाखवण्याची अधिकृत शिफारस केली. दोन्हींतील युक्ती एकच आहे. पुस्तक शाळेतून गेले नाही, ते आरोग्यव्यवस्थेच्या हातून गेले. कारण सहा वर्षांआधीच्या मुलाच्या घरी शिक्षक जात नाही, परिचारिका जाते.

हे वाचून चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला काही आठवायला हवे. घरी जाऊन बाळ वाचवण्याचा जगाला मान्य झालेला प्रयोग याच जंगलातला आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीतील ३९ गावांत बेताचे शिक्षण झालेल्या स्त्रियांना प्रशिक्षण देऊन नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याची पद्धत बसवली आणि नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आणले. 'लॅन्सेट'मध्ये १९९९ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. तेव्हाही तज्ज्ञ म्हणाले होते की, हे काम डॉक्टरांचे, खेड्यातील बायकांना ते झेपणार नाही. पुढे हीच पद्धत देशभर 'आशा' कार्यकर्तीच्या गृहभेटींच्या रूपाने गेली. २०१८ पासून त्यात भर पडली : बाळ तीन, सहा, नऊ, बारा आणि पंधरा महिन्यांचे असताना आणखी पाच भेटी. या भेटींत आहार, लोहद्रव्य, ओआरएस यांच्याबरोबर बाळाशी खेळणे-बोलणे याविषयीचा सल्लाही अपेक्षित आहे. सल्ला आहे, साधन नाही. वाढीचा आलेख असलेले कार्ड हातात असते, पुस्तक नसते.

पाच भेटी, पाच पुस्तके. याचा ढोबळ हिशेब मांडता येतो. २०११ च्या जनगणनेत बल्लारपूरची लोकसंख्या सुमारे नव्वद हजार होती. राज्याचा जन्मदर हजारी १५ च्या आसपास धरला तर वर्षाला तेराशे-चौदाशे बाळे. घाऊक छपाईत पुस्तकाची किंमत ५० रुपये धरली, तर सगळ्या शहराच्या सगळ्या बाळांना पाच पाच पुस्तके द्यायला वर्षाला साडेतीन लाखांच्या घरात खर्च येतो. शहराच्या वेशीवर एखादी स्वागतकमान उभारायची म्हटले तरी याहून जास्त पैसे लागतात, आणि कमानीला कोणी परवडते का असे विचारत नाही. पुस्तके देणारीला मात्र मोबदला द्यावाच लागेल. आशाला अशा एका भेटीमागे ५० रुपयांचा मोबदला ठरला होता. त्याच पैशांत पुस्तक उघडून पाच मिनिटे दाखवण्याचे काम बसवू म्हटले तर पुस्तके पिशवीतच राहतील. प्रशिक्षणही लागेल, पण ते वाचनाचे नव्हे. आईने पुस्तकातील ओळी न वाचता स्वतःच्या भाषेत बोलायचे आहे, तिला ते येते, आणि तिचे बोलणे 'अशुद्ध' नाही, हे तिला पटवण्याचे. शिकलेल्या कार्यकर्त्यांना हेच सर्वांत अवघड जाईल असे वाटते.

दोन शंका राहतात. दहा महिन्यांचे मूल पुस्तक फाडेल, चावेल. फाडू द्यावे, पहिली दोन पुस्तके जाड पुठ्ठ्याचीच हवीत, आणि चावलेले पुस्तक हे वापरलेल्या पुस्तकाचेच लक्षण आहे. दुसरी शंका मोबाइलची : सगळे फुकट उपलब्ध असताना कागदावर खर्च का? कारण मोबाइल घरात एकच असतो, तो बापाबरोबर पाळीला जातो, आणि हातात आला की गोष्टीवर थांबत नाही. शिवाय पुस्तक उघडे ठेवून मूल पुन्हापुन्हा त्याच पानावर येते. मोठ्यांना कंटाळा आणणारी ही आवृत्तीच मुलाला हवी असते.

उरला प्रश्न भाषेचा. पाचांतील दोन पुस्तके बिनशब्दांची ठेवता येतील. बाकीच्या तीन पुस्तकांत पानागणिक एक-दोन ओळी असतील, त्या मराठीत असाव्यात की तेलुगूत, हिंदीत की गोंडीत, यावर लगेच समिती नेमावी असे कोणाला वाटू शकेल. छापखान्यात काम केलेल्या माणसाला विचारले तर तो सांगेल की, चित्राचे चार रंग चार प्लेटांतून उतरतात आणि मजकूर नेहमी काळ्या शाईत ठेवतात. लाल, पिवळ्या आणि निळ्या रंगाच्या छपाईला चारही भाषांत हात लावावा लागत नाही. हजार-पाचशे प्रती झाल्या की यंत्र थांबवायचे, काळ्या शाईची प्लेट बदलायची आणि पुन्हा चालू करायचे.